गुंजेहून लहान

हिल्का वुओरेला अंडी आणते
लोकरी टोपीत गुंडाळून, जानेवारीच्या अंधारात.
पिवळा बलक ती घरी नेते, वेलदोड्याच्या पावासाठी.
पांढरं आमचं.

त्यात सोन्याचं मीठ, मग अल्कलीचे थेंब,
आणि सदतीस अंश. अंगाची ऊब, तिच्याहून जास्त नाही.
रात्रभर.
घाई केलीस, तर सोन्याला सोनं भेटतं, हिल्का म्हणते,
आणि मग ते नुसतंच सोनं होतं.

पंचवीस अणू. एवढेच हवेत.
सव्विसाव्याला दार बंद.
(दार कोण लावतं? अंड्यातलं गंधक.
कसं, ते तीन वर्षांनंतरही
मला नीट सांगता येणार नाही.)

इतक्या लहान सोन्याला झळाळी नसते.
कसोटीवर त्याची रेघ उमटणार नाही,
गुंजेच्या पारड्याला ते आलं-गेलं कळणार नाही.
बाटलीत दिसतो फिक्कट चहा.
पण खोलीतले दिवे घालवून
जांभळ्यापलीकडचा दिवा धरला,
की चहा आतून पेटतो:
गुंजेसारखा लाल,
फक्त काळा डोळा नसलेला.

मग आमचं काम, रंग वळवायचं.
आठ अणूंवर अडवलं तर निळा.
अंगावरचं वेष्टण बदललं तर नारिंगी,
आणि त्याच पाण्यात अल्कोहोल ओतत गेलं
तर दाटीवाटीने एकमेकांना टेकून
ते आणखीच उजळतात.
एका जातीत चांदी मिसळली होती.
बारा अणू बसेपर्यंत नुसती मिणमिण.
तेरावा थेट मधोमध जाऊन बसला
आणि आम्ही दोघी दिव्यापासून मागे सरलो.
आमच्याकडे तेरावा महिना दुष्काळात येतो, मी सांगितलं.
हिल्का म्हणाली, मग तुमच्याकडे
कुणीतरी मोजायला चुकलं.

एकदा एक बाटली खिडकीबाहेर राहिली.
उणे सव्वीस.
सकाळी आत बर्फाचा गठ्ठा,
आणि दिव्याखाली कालच्या कितीतरी पट लाल.
मी वहीत लिहिलं: गारठ्यात थरथर थांबते,
थरथरीत जे वाया जात होतं
त्याचा उजेड होतो.
हिल्काने वाचलं. वाचत राहिली.
माझ्या भावाचं उलटं झालंय, म्हणाली.
कॉफीचा कप त्याच्या ओठांशी
हल्ली जुळत नाही.

ताइस्तो. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून
पाइक मासे धरतो, रोज एक खातो, चाळीस वर्षं.
तळ्याच्या वरच्या अंगाला एक खाण होती,
ती बंद झाल्याला आता कुणी मोजत नाही.

सोमवारी ती जॅमची बरणी घेऊन आली.
लेबल तसंच होतं: लिंगनबेरी.
आत खाणीखालच्या ओढ्याचं पाणी, काचेसारखं स्वच्छ.

पाचशे मायक्रोलिटर.
मी पिपेट दाबला आणि दिव्याकडे वाकले.

काही फुटलं नाही, उसळलं नाही.
बोलता बोलता कुणी उठून
दुसऱ्या खोलीत जावं,
तसा लाल गेला.
पारा सोन्याला फार जुनी ओळख देतो;
एकदा दिली, की सोनं दुसऱ्या कुणाकडे बघत नाही.

तीन वर्षं आम्ही त्याला उजळायला शिकवत होतो.
त्याला जे सांगायचं होतं
ते त्याने विझून सांगितलं.

नळाच्या पाण्यात लाल टिकला.
उकळून गार केलेल्या पाण्यातही टिकला.
बरणीतल्या पाण्यात पुन्हा गेला.
हिल्काने फोन लावला. वाजला नाही.
तळ्यावर रेंज नसते, ती म्हणाली,
मला नाही, खिडकीला.
मग बाकावरची टोपी उलटी केली:
एक अंडं शिल्लक होतं.
ते तिने माझ्यापुढे सरकवलं

आणि मी पांढरं वेगळं करायला घेतलं,
कारण चूक आमचीच असावी,
अंड्याची, दिव्याची, माझ्या हाताची,
असं त्या दुपारी
आम्हा दोघींनाही वाटत होतं.